एका जोडीतले दोन टायर, दोन मापांचे

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग (निर्यात)

विषय : १३.६-३८ मापाच्या मागच्या टायरांची जोडी सारखी नसल्याबाबत

महोदय,

तीन महिन्यांत इंग्रजीतून चार ई-मेल पाठवले. चारींना 'आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे' एवढंच उत्तर आलं. तुमचा कारखाना महाराष्ट्रातला, मी मूळचा फलटणचा, आणि तुमच्या साहेबांशी फोनवर बोलणं झालं तेही मराठीतच. म्हणून आता मराठीत लिहितो, निदान कोणी शेवटपर्यंत वाचेल.

मी अमेरिकेत इलिनॉयला राहतो. माझ्याकडे १९४९ चा फार्मल एम ट्रॅक्टर आहे. इकडे उन्हाळ्यातल्या जत्रांमध्ये जुन्या ट्रॅक्टरांच्या ओढण्याच्या स्पर्धा असतात. मागे जोडलेल्या स्लेजवर, म्हणजे ओढायच्या घसरगाडीवर, वजनाची पेटी असते. ट्रॅक्टर पुढे जाईल तशी ती पेटीही पुढे सरकते आणि ओढ जड होत जाते. ३०० फूट नेलं की पूर्ण. वर्ग वजनावर ठरतात, मी ५,५०० पौंडांच्या वर्गात उतरतो. इथे वेगाला किंमत नाही, मागची दोन चाकं माती किती धरतात त्यावर सगळं.

म्हणून टायर विचार करून घेतले होते. ट्रॅक्टरच्या जुन्या पुस्तकात १२-३८ लिहिलंय, त्यालाच आज १३.६-३८ म्हणतात (टायरची रुंदी १३.६ इंच, रिमचा व्यास ३८ इंच). माझी रिम बारा इंच रुंद, म्हणजे या मापाला योग्य तीच. अरुंद रिमवर टायर मधे फुगतो आणि कडेची नक्षी जमिनीला लागतच नाही. प्लाय, म्हणजे टायरच्या ताकदीचे थर, सहाच मागितले, कारण कमी हवेत सहा प्लायची बाजू वाकते आणि टायर पसरून बसतो. आठवाला ताठ उभा राहतो. इथपर्यंत तुमच्या मालाबद्दल तक्रार नाही, रबरही चांगलं आहे.

बसवले त्याच दिवशी दोन्हींत १४ पौंड हवा भरली, मागचा भाग जॅकवर उचलला आणि नक्षीच्या मधोमध टेप फिरवली. डावा १९०.५ इंच, उजवा १९४ इंच. तीनदा मोजलं, मग शेजाऱ्याला मोजायला लावलं. साडेतीन इंचांचा फरक! ट्रॅक्टर सिमेंटच्या सपाट जमिनीवर उतरवून मागच्या आसाच्या हाऊसिंगवर (आवरणावर) पाणसळ ठेवली, तर बुडबुडा उजवीकडे जाऊन बसला. टायरांवरचे साच्यांचे आकडेही वेगळे आहेत. बिलावर मात्र 'एक जोडी' लिहिलंय.

फोनवर सांगितलं गेलं, 'शेतकामाला एवढं चालतं, मोठ्याची हवा कमी करा.' केली. उजव्यात ८ पौंड ठेवले, आणि सवयीप्रमाणे टायर व रिमवर मिळून खडूची एक सरळ रेघ ओढली. स्पर्धेत १८७ फुटांवर उजवं चाक जागीच फिरायला लागलं. या ट्रॅक्टरला डिफरन्शियल लॉक (मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारी कळ) नाही, त्यामुळे एक चाक सुटलं की दुसऱ्याचा जोरही गेलाच. खाली उतरून पाहिलं तर खडूची रेघ चार बोटं तुटलेली. रिम आतल्या आत फिरली होती आणि ट्यूबचा वॉल (हवा भरायची नळी) मुळापासून उपटला होता. गेल्या वर्षी झिजलेल्या टायरांवर मी २६० च्या पुढे गेलो होतो. माती दरवर्षी सारखी नसते, मान्य. पण ती रेघ मातीने सरकवलेली नाही.

आता तुमचं म्हणणं की स्पर्धेत वापरल्यामुळे हमी लागू नाही. महोदय, मोजमाप स्पर्धेच्या आधीचं आहे. टेप लावलेले फोटो मी त्याच दिवशी पाठवलेत, तारीख तुमच्याकडेच आहे. हे टायर नांगराला लावले असते तरी उजवा साडेतीन इंचांनी मोठाच राहिला असता.

फाटलेल्या ट्यूबचे पैसे मी मागत नाही, हवा मीच कमी केली होती. मला डाव्या टायरच्या घेराशी जुळणारा एक टायर हवा आहे. सारख्या हवेत, अर्ध्या इंचाच्या आत, आणि पाठवण्याआधी मोजून, त्याचा आकडा मला कळवून. उजवा टायर तुम्ही परत न्यावा. दोन्हींचं भाडं तुमच्याकडे. हे जमत नसेल तर पूर्ण जोडीचे पैसे परत करावेत.

पुढचा हंगाम जूनमध्ये सुरू होतो. तोवर ट्रॅक्टर ठोकळ्यांवर उभा आहे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर मिळावं, आणि त्यात 'मोलाचा अभिप्राय' नसला तरी चालेल.

कळावे,

आपला ग्राहक
(नाव व पत्ता बिलाप्रमाणे)

सोबत : बिलाची प्रत, टेप लावलेले फोटो, साच्यांच्या आकड्यांचे फोटो, उपटलेल्या वॉलचा एक फोटो