रात्रीची वीज आणि शेतकऱ्याची झोप

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रब्बीचा हंगाम लागला की आमच्या वर्धा जिल्ह्यातील गावांत घरचा कर्ता माणूस बहुतेक रात्री शेतातच असतो. आमच्या भागात कृषिपंपांची थ्री फेज वीज आलटूनपालटून एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री मिळते. ती रात्री आली की हरभऱ्याचे, गव्हाचे ओलीत रात्रीच करावे लागते. दिवसपाळीच्या आठवड्यातही रानडुकरे आणि रोही (नीलगाय) यांच्यापासून पीक राखायला जागल चुकत नाही. अंधारातल्या सापांविषयी, थंडीविषयी लिहिले जाते, पण बुडालेल्या झोपेला कुणी नुकसान मानत नाही. ते मानले जावे, एवढ्यासाठी हे पत्र.

माझे वय ४७ आहे. गेल्या हिवाळ्यात तपासणीत माझा रक्तदाब वाढलेला निघाला. मीठ किती खाता, तंबाखू खाता का, दारू घेता का, हे सारे विचारले गेले. रात्री किती तास झोपता, हे मात्र कुणी विचारले नाही. निरोगी माणसाचा रक्तदाब झोपेत साधारण १० ते २० टक्के उतरतो आणि हृदयाला, रक्तवाहिन्यांना तेवढाच विसावा मिळतो, हे मला नंतर कळले. प्रौढ माणसाला रोज किमान ७ तास झोप लागते. ती वर्षानुवर्षे कमी पडली तर उच्च रक्तदाब, हृदयविकार, पक्षाघात यांचा धोका वाढतो, आणि इन्सुलिनला शरीर नीट दाद देईनासे झाल्याने मधुमेहाचाही.

दिवसा झोपून भरपाई करावी, असे सांगितले जाते. परंतु शरीराचे घड्याळ उजेडाशी बांधलेले असल्याने दिवसाची झोप तुटक आणि थोडी होते, शिवाय ढोरांचा चारापाणी आणि बाजार समितीची फेरी त्याच दिवशी असते. सलग १७ तास जागलेल्या माणसाचे भान १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम अल्कोहोल असलेल्या माणसाइतके मंदावते, असे प्रयोगांत आढळले आहे. वाहन चालविण्यासाठी आपल्या कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे, आणि आम्ही रात्रभर जागून सकाळी ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर येतो.

नवरा ओलिताला गेला की घरच्या बाईचाही डोळा लागत नाही. तो सुखरूप परतला की ती पाणी भरायला उठते. तिच्या जागरणाला तर नावही नाही.

दिवसा वीज देण्यासाठीच २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली आणि २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा सुरू झाला. ज्या फिडरवर (गावाला वीज देणाऱ्या वाहिनीवर) ती अजून पोहोचलेली नाही, तेथे निदान रब्बीत तरी रात्रपाळीचे आठवडे कमी करावेत. आरोग्य उपकेंद्राच्या तपासणीत झोपेच्या तासांचा एक रकाना वाढवावा, आणि आशाताईंनी तो प्रश्न घरच्या बाईलाही विचारावा.

आपला,
एक शेतकरी, जि. वर्धा