विषय: लाईट जाऊन आली की सगळं विसरणारा, सापाच्या पेटीची ऊब राखायचा तुमचा थर्मोस्टॅट, आणि तुमची ग्राहक सेवा

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

तुमच्या माणसाशी आत्ताच बोलून फोन ठेवलाय. डोकं थंड झाल्यावर लिहावं असं बायको म्हणते. पण थंड होण्याचे परिणाम या घरात नुकतेच बघून झालेत, तेव्हा आत्ताच लिहितो.

मॉडेल, बिल, व्हिडिओ सोबत जोडलाय. उपकरण काय आहे हे तुम्हाला सांगायची गरज नाही. फक्त खोक्यावर जाड अक्षरात 'वीज गेल्यावरही सेटिंग लक्षात ठेवतो' असं छापलंय, ते एकदा स्वतः वाचा. मी ३२ अंश लावून ठेवतो. लाईट जाऊन आली की पडद्यावर २०.० येतं, म्हणजे कारखान्यातून आलं तेच. शेजारचा लाल दिवा मात्र ऐटीत लागलेला. वीस अंशांखाली गेल्याशिवाय पेटीला ऊब देणारी हीट मॅट चालूच होणार नाही, आणि बघणाऱ्याला वाटणार सगळं ठीक आहे.

हळदी आमची बॉल पायथन, म्हणजे पाळलेला परदेशी अजगर. पिवळा बनाना मॉर्फ, म्हणजे रंगाचा प्रकार, आहे, त्यात आम्ही सांगलीचे, दुसरं काय नाव ठेवणार! वजन बाराशे ग्रॅम. रविवारी रात्री तिला सत्तर ग्रॅमचा उंदीर दिला. फ्रीजरमधला आदल्या रात्री खालच्या कप्प्यात काढून ठेवलेला, मग गरम पाण्यात पिशवीसकट धरून हाताला उबदार लागेपर्यंत. तिच्या ओठांवरच्या खाचांना ऊब कळते, गार उंदराकडे ती ढुंकूनही बघत नाही. तो तिने झडप घालून घेतला. खाल्ल्यावर दोन दिवस तिला हात लावायचा नाही, पेटीही उघडायची नाही, हा आमच्या घरचा नियम.

सोमवारी रात्री लाईट गेली, थोड्या वेळाने आली. मी कुपवाडला रात्रपाळीला. घरच्यांनी दिवा बघितला, लागलेला होता. बुधवारी पहाटे येऊन बघतो तर पेटीत कोकोपीटवर, म्हणजे नारळाच्या भुशावर, अर्धवट पचलेला उंदीर पडलेला, केस गळून गेलेले, आणि वास असा की जिन्यापर्यंत आला. हळदी गार टोकाला वेटोळं घालून बसलेली. आतल्या साध्या थर्मामीटरने किमान तापमान १९.६ नोंदवलेलं. तो स्वस्तातला थर्मामीटर रात्रीचा आकडा लक्षात ठेवतो, आणि त्याच्या कितीतरी पट किमतीचा तुमचा यंत्रोबा लाईटच्या एका झटक्यात सगळं विसरतो.

आता फोनचा प्रकार ऐका. तुमचा प्रतिनिधी म्हणाला, "सर, साप तर थंड रक्ताचा असतो ना? मग त्याला गरम कशाला लागतंय?"

मी विचारलं, "मी नक्की कुठल्या कंपनीला फोन लावलाय?"

"सरपटणाऱ्या प्राण्यांची उपकरणं, सर."

म्हणजे तुम्ही हीटर विकता आणि तो का लागतो हे आम्ही तुम्हाला सांगायचं! सांगितलं. सापाचं शरीर स्वतः पुरेशी ऊब तयार करत नाही म्हणून तर बाहेरून द्यावी लागते. पोटात भक्ष्य असताना ऊब गेली की पचन थांबतं, ते आत सडू लागतं, मग साप ते बाहेर टाकतो. त्याने होल्डवर टाकलं. सनई ऐकवली. परत येऊन म्हणतो, "सर, सिनिअर म्हणतायत, थंडीत साप झोपतात. झोपू द्या त्याला."

अहो, हा पश्चिम आफ्रिकेतला, घाना-टोगो-बेनिनकडचा प्राणी. तो हिमालयात झोपायला जात नाही. थंडीत कधीकधी खाणं सोडतो, ते वेगळं. भरल्या पोटी गारठणं वेगळं.

मग एकदम आवाज खाली आणून, "सर, तुम्ही सांगलीचे म्हणजे तो शिराळ्याचा नाग तर नाही ना? वन विभागाची भानगड होईल."

इथे माझा तोल गेला, हे कबूल. तुमच्याच ऑर्डरच्या फॉर्मवर प्रजातीच्या रकान्यात मी 'बॉल पायथन' लिहिलंय. आपल्याकडचे नाग-अजगर पाळता येत नाहीत, १९७२ चा वन्यजीव कायदा मला पाठ आहे. हळदीची नोंद २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर केलेली आहे. कागद माझे पक्के आहेत, सेटिंग तुमचं पक्कं नाही.

शेवटी त्याचा तोडगा: "इन्व्हर्टर घ्या, सर." पुढे, "नाहीतर आमचं नवीन मॉडेल बघा." म्हणजे खोक्यावर छापलेलं खरं करण्यासाठी मी आणखी पैसे मोजायचे.

बदलून पाठवलेला नगही तसाच आहे. कॅमेऱ्यासमोर ३२ लावलं, प्लग काढला, घातला: २०.० आणि लाल दिवा. तेव्हा तिसरा नग पाठवू नका, नको आहे. सेटिंग लक्षात ठेवतो म्हणून छापलंय आणि ठेवत नाही, एवढीच तक्रार आहे, पुन्हा लिहितो.

पशुवैद्यांनी दोन आठवडे काहीही न देता मग लहान उंदीर देऊन बघायला सांगितलंय. तोवर जुना साधा थर्मोस्टॅट जोडलाय, तो रेग्युलेटरच्या बटणाचा आहे, लाईट जाऊन आली तरी बटण जिथल्या तिथे राहतं. तुमच्या इंजिनिअरांनी एकदा बघून जावं.

मला पूर्ण रक्कम आणि पशुवैद्यांचं बिल परत हवं. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार आणि मग सांगलीचा जिल्हा ग्राहक आयोग. कराड-कोल्हापूरच्या मित्रांना तुमचं नाव मीच सुचवलं होतं. त्यांना प्लग काढून बघायला सांगितलंय, व्हिडिओ येऊ लागलेत.

विश्रामबाग, सांगली

ता.क. फोन करणार असाल तर त्या सिनिअरांनाच करायला सांगा. रात्रपाळी आहे, दुपारी दोननंतर.