भाऊसाहेब, माळावर पाणी आलं

आदरणीय भाऊसाहेब,

सप्रेम नमस्कार.

फोनवर माझं बोलणं नीट झालंच नाही, म्हणून लिहायला बसले. चारचौघांसमोर लिहितेय, कारण जत्रेतल्या जनावरांसाठी बांधलेला पाण्याचा हौद सगळ्यांना दिसतो, त्याच्यामागची फाईल कुणाला दिसत नाही.

यंदा माघाच्या जत्रेत पहिल्याच दिवशी पहाटे आबांबरोबर माळावर गेले होते. सांगोल्याकडच्या एका शेतकऱ्यानं टेम्पोतून खोंडांची जोडी उतरवली आणि कासरा धरून सरळ हौदावर नेली. मागच्या जत्रांना हाच माणूस टँकरचं विकतचं पाणी बादलीनं पाजायचा, आणि दुपारनंतर तेही मिळायचं नाही. खोंडांनी तोंडं घातली, पोटभर प्याले, माना वर केल्या. आबा तिथं काही बोलले नाहीत. घरी आल्यावर एवढंच म्हणाले, "भाऊसाहेबांना कळव."

तुम्ही आमच्या गावात ग्रामसेवक म्हणून तीनच वर्षं होतात. बदली झाली, पुढं निवृत्तही झालात. २०२३ च्या दिवाळीत मी फोन केला तेव्हा आमच्यासाठी काही करायचं बंधन तुमच्यावर उरलं नव्हतं. तरी तिसऱ्या दिवशी तुम्ही एसटीनं आलात, खांद्यावर तीच कापडी पिशवी.

त्या वेळी आम्ही हरल्यात जमा होतो. खरसुंडीची, पुसेगावची यात्रा मोठी, तिथली गर्दीच अशी की सगळ्या खात्यांना हजर राहावं लागतं. आमची जत्रा चार दिवसांची, खिल्लार जनावरांची. पण माणदेशातल्या ज्या घरांनी ट्रॅक्टर आल्यावरही दावण मोडली नाही, त्यांच्यासाठी ती चार दिवसांची नसते. कुणाच्या वळूची पैदास कशी उतरली, आदत (अजून दात न लावलेला) खोंड कसा भरलाय, कालवड कुणाकडची घ्यावी, हे सगळं तिथं उभं राहून ठरतं. हेडी, म्हणजे जनावरांचा व्यापारी, घरी येऊन जो भाव सांगतो आणि माळावर दहा जणांनी रुमालाखाली बोटं दाबल्यावर जो भाव निघतो, त्यांतल्या फरकात आमच्या घराचं वर्ष निघालेलं मी लहानपणापासून पाहिलंय. आबा म्हणूनच जत्रेसाठी एवढे हळवे आहेत.

आणि ह्या जत्रेला पैसा मागायला गेलं की पहिला प्रश्न: जत्रा कुणाची? जनावरांच्या खरेदी-विक्रीची फी बाजार समितीकडे जाते, दुकानांचं जागाभाडं ग्रामपंचायतीकडे, देणगी देवस्थानाकडे. माळाचा एक तुकडा गायरान, दुसरा देवस्थान इनाम. बाजार समिती म्हणायची, जागा आमची नाही. ग्रामपंचायत म्हणायची, उत्पन्न आमचं नाही. देवस्थानाला जागेचं काही करायचं तर धर्मादाय आयुक्तांकडे जावं लागतं, म्हणून विश्वस्त हात जोडायचे. खोटं कुणीच बोलत नव्हतं. पण तिघांच्या मधे जनावर तहानलेलं उभं होतं.

आमची पहिली फाईल एका कार्यालयानं परत पाठवली तो दिवस मी विसरणार नाही. मागच्या तीन वर्षांत जत्रेतून झालेली उलाढाल दाखवा, असा शेरा होता. त्यातली पहिली दोन वर्षं कोरोनात गेली. १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं बैलगाडा शर्यतींना परवानगी दिली, खोंडांना पुन्हा मागणी आली, आता जत्रा भरेल म्हणून आम्ही आनंदलो होतो. सप्टेंबर २०२२ मध्ये जनावरांचा लम्पी हा त्वचारोग आला आणि राज्यभर जनावरांचे बाजार बंद झाले. २०२३ च्या माघात देवाची पालखी निघाली, माळावर एक दावण नव्हती. कागदावर तिन्ही वर्षांपुढं शून्य. त्या शून्यावरून कार्यालयानं अर्थ काढला की इथं कुणी येत नाही.

ते शून्य तुम्ही वाचलंत तसं दुसऱ्या कुणी वाचलं नव्हतं. तुम्ही म्हणालात, "ताई, ही जत्रा मेली नव्हती, सरकारी आदेशानं थांबली होती. मग आदेशच जोडू." बंदीच्या प्रत्येक आदेशाची प्रत मिळवलीत. त्यानंतर घरोघर फिरलात. बैल विकून दहा वर्षं झाली तरी आमच्याकडची माणसं बाजाराची पावती टाकत नाहीत. ट्रंकेत, देव्हाऱ्यामागं, कुणाच्या तर घुंगूरमाळेबरोबर गुंडाळून ठेवलेली निघाली. त्या पिवळ्या पडलेल्या पावत्या तुम्ही वर्षावार लावल्यात. आबांच्या पहिल्या जोडीची पावती तुमच्या हातात देताना ते दोनदा म्हणाले, "परत मिळंल ना?" तुम्ही झेरॉक्स काढून मूळ पावती दुसऱ्याच दिवशी आणून दिलीत.

२०२४ च्या माघात लिंबाखाली खुर्ची टाकून चार दिवस बसलात. येणारं प्रत्येक वाहन, गाव, खोंड किती, गाई किती, सगळं वहीत. रात्री शेकोटीशेजारी बेरीज. जत्रा किती मोठी, हे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या अंदाजानं सांगत होतो, मोजली तुम्ही.

पैशाची वाट तुम्ही दाखवलीत तीही मी लिहून ठेवते, दुसऱ्या गावांना उपयोगी पडेल. आम्ही 'जत्रेचा विकास' असं एकच मोठं अंदाजपत्रक घेऊन फिरत होतो आणि त्या नावाचं लेखाशीर्ष, म्हणजे सरकारी खर्चाचं खातं, आम्हाला कुठं सापडत नव्हतं. तुम्ही त्याचे तुकडे केलेत. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के भाग तेव्हा बंधित होता, पाणी आणि स्वच्छतेसाठीच. मग पाणी त्यात बसवायचं. सार्वजनिक शौचालयाला स्वच्छ भारत मिशनमधून तेव्हा ३ लाखांपर्यंत मिळायचे, त्यात ७० टक्के मिशनचे, ३० टक्के वित्त आयोगाचे. पण काम गावाच्या विकास आराखड्यात नसेल तर एक रुपया खर्चता येत नाही, आणि आमच्या आराखड्यात तोवर जत्रेचा साधा उल्लेख नव्हता. गाव जिच्यावर वर्षभर बोलतं ती गोष्ट गावाच्याच कागदात नव्हती!

जागेसाठी तुम्ही जमीन महसूल संहितेचं कलम २२ काढून दाखवलंत. गुरचरण, खळं, स्मशान यांच्यासारखी बाजारासाठीही सरकारी जमीन राखून ठेवता येते. तो प्रस्ताव अजून वर पडून आहे. गायरानावरच्या अतिक्रमणांबाबत सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा निकाल आल्यापासून सगळेच जपून पावलं टाकतात, हे समजतं. म्हणून हौद आणि शौचालय गावठाणाला लागून असलेल्या ग्रामपंचायतीच्या पट्ट्यात घ्यायला लावलंत. दावणीपासून थोडं लांब पडतं, पण झालं.

शौचालयाचं मात्र मला वेगळं सांगायचंय. जत्रेत बाया येतात. वैरण विकायला, बैलांचे गोंडे-म्होरक्या विकायला, चार दिवस चुलीवर माणसांचं रांधायला. दिवस मावळेपर्यंत त्या पाणी पीत नसत, आणि का ते कुणी विचारत नसे. तुम्ही विचारलंत. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची असते, आमच्याकडं ती वहीत सह्या करून उरकत. तुम्ही ती खरोखर भरवायला लावलीत. माझी चुलती त्या दिवशी पहिल्यांदा सभेत उभी राहून बोलली. शौचालयाचा ठराव आधी तिथं झाला, मग ग्रामसभेत. पुरुषांपैकी एकानंही विरोध केला नाही. इतकी वर्षं नुसतं मांडायचंच राहिलं होतं, ह्याचं मला आजही वाईट वाटतं.

१६ मार्च २०२४ ला लोकसभेची आचारसंहिता लागली, ऑक्टोबरात विधानसभेची. मध्ये पावसाळा. दोनदा वाटलं, गेलं काम. तुम्ही दर पंधरा दिवसांनी फोन करून फाईल कुठल्या टेबलावर आहे ते विचारत राहिलात. तरुण अभियंत्यांचेही आभार मानते. सुट्टीच्या दिवशी येऊन त्यांनी पुन्हा मापं घेतली.

तुमच्या एसटीच्या तिकिटांचे पैसे द्यायचं आम्ही दोनदा काढलं, दोन्ही वेळा तुम्ही उठून निघालात. म्हणून आता पैशाचं बोलत नाही.

दिवे, जनावरं चढवा-उतरवायचा रॅम्प आणि कलम २२ चा प्रस्ताव राहिलाय. यंदा लिंबाखालच्या खुर्चीवर मी बसले होते. तुमचीच वही पुढं चालवली, तुमच्या अक्षराखाली माझं अक्षर. शेवटच्या दिवसाची बेरीज दोनदा केली, दोन्ही वेळा वेगळी आली. वही तपासायला तरी या. आबांनी नव्या कालवडीचं नाव अजून ठेवलेलं नाही. भाऊसाहेब आल्यावर ठेवू म्हणतात.

आपली,
ताई
(ग्रामपंचायत सदस्य आणि जत्रा समिती)