बाबा, त्या स्टीलच्या डबीबद्दल

प्रिय आई-बाबा,

परवा फोनवर आई सहज बोलून गेली की हल्ली बाबा सिगरेटी आणल्या की लगेच जुन्या स्टीलच्या डबीत भरतात आणि पाकीट बाहेरच फेकून येतात, तेव्हापासून ती डबी माझ्या डोक्यातून जात नाहीये. बाबा, तो पाकिटावरचा फोटो बघवत नाही ना तुम्हाला?

मला इतकी वर्षं वाटायचं की तुम्हाला काही फरकच पडत नाही. थिएटरात मुकेशची अ‍ॅड लागली की तुम्ही मोबाईल काढायचात आणि मी चिडायचे. मुकेश हराणे आपल्या भुसावळचा, गुटख्याने तोंडाचा कॅन्सर होऊन २००९ मध्ये गेला, वय फक्त २४. पोरगा स्वतःचं नाव सांगतो आणि ऑपरेशननंतर कदाचित बोलता येणार नाही म्हणतो, एवढंच, म्हणून तर ती अ‍ॅड आजही सगळ्यांना पाठ आहे. पण लोक त्याची नक्कल करून हसतात पण, मला फार लागतं ते. भीती झेपली नाही की माणूस हसतो नाहीतर तोंड फिरवतो. तुम्ही डबी शोधलीत.

२०१६-१७ च्या सरकारी सर्व्हेत सिगरेट ओढणाऱ्या जवळपास ६२ टक्के लोकांनी सांगितलं होतं की पाकिटावरची वॉर्निंग बघून सोडायचा विचार मनात आला. विचार आला, पण पुढे काय करायचं ते कोण सांगणार? म्हणून २०१८ पासून फोटोबरोबर मदतीचा टोल फ्री नंबर पण छापतात, आणि बाबा, तुम्ही पाकीट फेकता तेव्हा तो नंबर पण जातो हो.

मी पण नुसती भीतीच दाखवली, मदत केली नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर काळ्या फुफ्फुसांचे फोटो पाठवत राहिले, पण त्या दिवाळीत तुम्ही अकरा दिवस सोडली होतीत तेव्हा आम्ही सगळे बघू किती टिकतंय म्हणत बसलो, त्रास काय होतोय ते एकदाही विचारलं नाही. माझं चुकलं बाबा.

थायलंडची २०१२ ची एक अ‍ॅड आहे, लहान पोरं रस्त्यात सिगरेट ओढणाऱ्यांकडे लायटर मागतात, मोठी माणसं नको रे बाळा, वाईट असतं म्हणून समजावतात, आणि मग पोरं त्यांच्या हातात चिठ्ठी ठेवतात की माझी काळजी करता मग स्वतःची का नाही. कुणी ओरडत नाही, जे स्वतःच्या तोंडाने बोललात तेच परत ऐकायचं. मी तीनदा बघितली, तीनही वेळा तुम्हीच आठवलात, कारण आपली छोटी चिऊ जवळ आली की तुम्ही पण धूर हाताने बाजूला करता.

तर सोबत चिठ्ठी आहे, चिऊने लिहिलीय, १८००-११-२३५६. तीनचा आकडा उलटा काढलाय पण नंबर बरोबर आहे. आई, तेवढी त्या डबीत ठेव.

तुमची,
ताई