जर्नल्सचे निकष सगळ्यांना दिसू द्या

यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) केअर यादी, म्हणजे मान्य संशोधन जर्नल्सची यादी, बंद केल्याचं फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केलं आणि जर्नल पारखायचं काम विद्यापीठं-कॉलेजांवर सोपवलं, त्याबद्दल लिहितोय. यादी गेल्याचं दुःख नाही, कारण एखादं जर्नल आत का घेतलं, बाहेर का काढलं हे कळत नाही ही तक्रार जुनीच होती. २०१८ मध्ये त्याआधीच्या यादीतून ४,३०५ जर्नल्स एका झटक्यात वगळली गेली होती.

पण आता जे निकष दिलेत ते नुसते सुचवलेले आहेत, म्हणजे एका कॉलेजात चालणारा पेपर दुसरीकडे प्राध्यापकपदाच्या मुलाखतीत नाकारला जाऊ शकतो आणि बिचाऱ्या उमेदवाराला कारणसुद्धा कळणार नाही. म्हणून प्रत्येक संस्थेने आपले निकष आणि मान्य जर्नल्स वेबसाइटवर टाकावेत, नकार दिला तर कारण लेखी द्यावं, आणि निकष बदलले तर ते पुढच्या पेपर्सना लावावेत, आधी छापलेल्यांना नाही. मराठीतल्या संशोधनपत्रिकांना तर याची जास्तच गरज आहे, स्कोपससारख्या आंतरराष्ट्रीय जर्नल्सच्या डेटाबेसमध्ये त्या सहसा नसतात, मग त्यांचा दर्जा कोण आणि कशावरून ठरवणार, हे यूजीसीने स्पष्ट करावं.