साठीनंतरची मोटारसायकल

महोदय,

साठी उलटल्यावर मोटारसायकल घ्यायला निघालेल्या माणसाला घरचे वय ऐकवतात आणि विक्रेते इंजिनाची ताकद. आसनाची उंची आणि गाडीचे वजन यांविषयी मात्र कोणी बोलत नाही. हौसेने घेतलेली माझी २०० किलोची गाडी उतारावर वळवताना कलली, गुडघ्याने साथ दिली नाही आणि ती मला हळूहळू, अगदी सभ्यपणे म्हणावे तशी, जमिनीवर घेऊन गेली. तेव्हापासून दोन्ही टाचा टेकतात का आणि इंजिन बंद असताना गाडी एकट्याने मागे ढकलता येते का, हे मी आधी पाहतो. वजन तेवढेच असले, तरी ते खालच्या बाजूला असलेली गाडी सावरायला सोपी जाते. एबीएस असावेच, कारण जोरात ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊन घसरण्याचा धोका त्याने कमी होतो. मंदावलेली नजर मात्र त्याने भरून निघत नाही, तेव्हा पुढच्या वाहनापासून अंतर वाढवणे आलेच. आता मी १५० किलोच्या गाडीवर ताठ बसून निघतो, तासाभराने थांबून मान मोकळी करतो, आणि ज्या वळणांवर पूर्वी फक्त वेगाचे भान असे, तिथे इंजिनाचा संथ ठोका ऐकू येतो.

– एक ज्येष्ठ वाचक