तांबट विणण्याआधी

पुणे,
फेब्रुवारीचा शेवटचा रविवार

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "आई, मित्राच्या मुलीच्या बारशाला काहीतरी हाताने करून द्यायचंय, तू क्रोशाचे पक्षी करतेस तसा एक मला शिकव." मला इतका आनंद झाला की तेव्हा धड बोलताच आलं नाही. शिवाय सुई कुठे घालायची आणि दोरा कुठून ओढायचा, हे फोनवर सांगून कळत नाही. म्हणून सामानाबरोबर हे पत्र पाठवतेय. पार्सलमध्ये अडीच मिलिमीटरची क्रोशाची सुई आहे, हिरवा, फिका पोपटी, पिवळा, लाल, काळा आणि पांढरा असे सुती दोऱ्याचे गुंडे आहेत, भरायला फायबर आहे, बोथट टोकाची शिवायची सुई आहे आणि खुणेसाठी सेफ्टी पिना आहेत. दोरा रविवार पेठेतला, बाकीचं तुळशीबागेतलं.

आधी पक्षी ठरवू. तुझ्यासाठी मी तांबट निवडलाय. मोबाईलवर जे नमुने दिसतात त्यात मोठ्ठे चकचकीत डोळे आणि गोल गरगरीत अंग असतं. हिरवा दोरा घेतला की पोपट, तपकिरी घेतला की चिमणी. मला ते पटत नाही. ज्याला आपण पक्षी देतो त्याने तो हातात घेऊन झाडाकडे बघावं आणि "अरे, हाच की!" म्हणावं, एवढं तरी त्यात उतरायला हवं. साध्या चिमणीचंच बघ. गळ्याखाली काळा डाग चिमण्याला असतो, चिमणीला नसतो. तिच्या डोळ्यावरून नुसती फिकट भुवई जाते. तरी चिमणी म्हणून सर्रास चिमणाच विणला जातो.

तांबट पहिल्यांदा विणणाऱ्याला सोपा, कारण त्याची ठेवणच तशी आहे. चिमणीएवढा पक्षी, डोकं मोठं, मान जवळजवळ नाहीच, शेपूट आखूड, चोच जाड. फांदीवर ताठ बसतो. अंग हिरवं, कपाळ लाल, डोळ्याच्या वर आणि खाली पिवळा डाग, गळा पिवळा, त्याखाली छातीवर लाल पट्टा, आणि फिकट पोटावर हिरव्या रेघा. पिल्लांना तो लाल रंग नसतो, मोठं होताना येतो. आपल्या इमारतीमागच्या उंबरावर आता त्याचं सुरू झालंय. तांबट आळीत भांड्यावर हातोडी पडावी तसा एका लयीत टुक-टुक-टुक, आणि उन्हाळाभर भर दुपारीही थांबत नाही. गंमत अशी, की ओरडताना चोच मिटलेली असते, फुगतो तो गळा. वाळक्या फांदीच्या खालच्या अंगाला गोल भोक पाडून तो घर करतो, म्हणून तेवढी एक वाळकी फांदी तोडू नका असं मी माळीकाकांना बजावून ठेवलंय. वड, पिंपळ, उंबर असला की तांबट असतोच, हैदराबादलाही असणार. सुई हातात घ्यायच्या आधी एकदा सकाळी खाली उतर आणि त्याला शोध. हिरव्या पानांत हिरवा पक्षी पटकन दिसत नाही, आवाजाच्या मागे मागे जावं लागतं. एकदा नीट पाहिलास की चोच कुठे लावायची आणि डोळा कुठे काढायचा हे तुला विचारावं लागणार नाही.

आता हाताचं. व्हिडिओ बघून तू गोंधळलास यात नवल नाही. तू डावखुरा आणि दाखवणारे सगळे उजव्या हाताने विणणारे. तू सुई डाव्या हातात धर, दोरा उजव्या करंगळीला एक वेढा देऊन तर्जनीवरून घे. उजव्या हाताने विणणाऱ्याचं काम घड्याळाच्या उलट दिशेने पुढे जातं, तुझं घड्याळाच्या दिशेने जाईल. बाकी काही म्हणजे काही बदलत नाही, टाक्यांचा हिशोबही तोच. लहानपणी मी तुला कधी उजव्या हाताने लिहायला लावलं नाही, आता विणायलाही लावणार नाही. आणि हे बायकांचं काम, असं कोणी म्हणालंच तर मनावर घेऊ नकोस. कोळीवाड्यांत मासेमारीची जाळी पुरुषही विणत आलेत.

सगळा पक्षी मुक्या खांबाचा आहे. सुई टाक्यात घालून दोरा ओढायचा, सुईवर दोन वेढे आले की पुन्हा दोरा घेऊन दोन्हीतून काढायचा, झाला मुका खांब. सुरुवात डोक्याकडून. बोटाभोवती दोऱ्याचा सैल वेढा घे, त्यात सहा मुके खांब घाल आणि दोऱ्याचं सुरुवातीचं मोकळं टोक ओढून मधलं भोक पूर्ण मिटव. दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन, म्हणजे १२. तिसऱ्या फेरीत एकाआड एक वाढव, १८. चौथ्या फेरीत दर तिसऱ्या टाक्याला वाढव, २४. गोल सपाट वाढायचा असेल तर मुक्या खांबाला दर फेरीला सहाच टाके वाढवावे लागतात. कमी वाढवले तर वाटी होते, जास्त वाढवले तर कडेला झालर पडते. २४ झाले की चार फेऱ्या न वाढवता सरळ वीण, वाटी आपोआप खाली वळेल, ते डोकं. मग एका फेरीत सहा वाढवून ३० कर आणि सहा फेऱ्या सरळ, हे अंग. त्यानंतर दर फेरीत सहा कमी करत २४, १८, १२, ६. फेरी जोडायची नाही, गोल गोल चढत जायचं. म्हणून फेरीच्या पहिल्या टाक्याला सेफ्टी पिन अडकव आणि दर फेरीला ती वर सरकव. पिन नसेल तर कुठे आहोत हेच कळत नाही.

कमी करताना दोन टाक्यांच्या डोक्यावरचे फक्त पुढचे दोरे सुईवर घे आणि दोन्हींचा मिळून एक मुका खांब कर. नेहमीच्या पद्धतीने दोन टाके एकत्र केले तर तिथे गाठ दिसते आणि शेजारी भोक राहतं. या पद्धतीने कुठे कमी केलंय ते शोधूनही सापडत नाही.

वीण घट्ट हवी. दोऱ्याच्या वेष्टनावर जो सुईचा नंबर छापलेला असतो त्यापेक्षा मी मुद्दाम बारीक सुई घेते, कारण स्वेटर अंगावर मऊ पडायला हवा आणि पक्ष्याच्या पोटातलं फायबर बाहेर दिसायला नको. पहिले दोन-तीन दिवस बोटं दुखतील. दुखली की ठेवून दे.

भरायला मी फायबर पाठवलंय, गादीचा कापूस वापरू नकोस. कापूस पाणी धरून ठेवतो, धुतल्यावर त्याचे गोळे होतात आणि पावसाळ्यात आत ओल राहते. फायबर चिमटी-चिमटीने, पिंजून भर. १८ टाके उरतील तेव्हा भरायला लाग. डोक्यात घट्ट, पोटात जरा कमी, म्हणजे पक्षी ताठ बसेल. पंख म्हणजे सहाच्या वेढ्यापासून १८ पर्यंत विणलेला सपाट गोल, तो मधोमध दुमडायचा आणि दुमड वर ठेवून कुशीला शिवायचा. शेपटाला सहा टाक्यांची छोटी पट्टी पुरे. चोच काळ्या दोऱ्याची, चार टाक्यांचा शंकू, जरा जाडच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हा पक्षी तुझ्या-माझ्यासाठी नाही, काही महिन्यांत हाताला येईल ते तोंडात घालणाऱ्या मुलीसाठी आहे. दुकानात तयार प्लास्टिकचे डोळे मिळतात, मागून चकती दाबून बसवायचे. ते मी पाठवलेले नाहीत आणि तू आणूही नकोस. तीन वर्षांखालच्या मुलाच्या खेळण्याला निघू शकेल असं काहीच नको. प्लास्टिकचा डोळा नको, मणी नको, बटण नको, पायांना तार नको. डोळा काळ्या दोऱ्याने भर आणि एका कडेला पांढऱ्या दोऱ्याचा एक बारीक टाका घाल. त्या एका टाक्याने नजर येते. लाल कपाळ, पिवळे डाग, छातीचा पट्टा, पोटावरच्या रेघा, सगळं भरतकामाने कर. पायांसाठी तळाला चार लाल टाके पुरेत.

चोच, पंख, शेपूट शिवताना नुसता कडेने दोरा फिरवून सोडू नकोस. एकदा पूर्ण शिवून झालं की त्याच वाटेने पुन्हा एकदा शिव. दोऱ्याचं टोक गाठीपाशी कापायचं नाही. सुईने ते पोटातून आरपार ने, वेगळ्या दिशेने परत आण, पुन्हा एकदा ने, आणि मग ताणून अंगालगत काप, म्हणजे टोक आत जातं. मग चोच चिमटीत धरून जोरात ओढ. पंखही ओढ. तू ओढूनही हललं नाही तरच ते बाळाच्या हातात द्यायचं. मला विचारशील तर हातच्या भेटीतली माया इथे असते, या कोणाला न दिसणाऱ्या शिवणीत. रंग चुकला तर मी काही म्हणणार नाही, चोच ढिली राहिली तर मात्र तो पक्षी बारशाला न्यायचा नाही.

तुझी आजी पाळण्यावर टांगायचं चिमणाळं करायची. जुन्या साड्यांच्या काठाच्या चिमण्या, आत चिंध्या, खाली मण्यांच्या माळा. आमच्या वेळी रुखवतात क्रोशाचे पोपट लावलेली तोरणं असायची, ती बघायला बायका थांबायच्या. तू एकाऐवजी तीन तांबट केलेस तर त्यांचंही चिमणाळं होईल. फक्त मणी नकोत, आणि टांग इतकं उंच की बाळाचा हात पोचणार नाही. बाळ हातांवर जोर देऊन उठायला लागलं की ते काढून ठेवायचं, हे मित्राला आठवणीने सांग. आणि पहिलं वर्षभर कुठलंही मऊ खेळणं बाळ झोपताना जवळ ठेवायचं नाही, हेही सांग. बाळ जागं असताना आणि कोणी समोर असताना खुशाल चावू दे.

सूनबाई म्हणाली की असे पक्षी बाजारात दीड-दोनशेला मिळतात, मग एवढा खटाटोप कशाला. तिचं म्हणणं चूक नाही, वेळ तुम्हाला दोघांनाही कमीच आहे. पण तिला हे वाचून दाखव. दोन सुयांचं विणकाम मशीनवर होतं, क्रोशाचं मात्र होत नाही. बाजारात खरं क्रोशाचं जे जे दिसतं ते कोणीतरी बसून हाताने केलेलं असतं. वर सांगितलेल्या नुसत्या अंगाचे टाके मोजलेस तर ४२६ भरतात, पंख आणि चोच वेगळी. दीडशेतून दोऱ्याचे आणि दुकानदाराचे पैसे गेले की त्या बाईच्या हातात काय पडत असेल? विकत घ्या, जरूर घ्या, पण घासाघीस करू नका. माझी मैत्रीण मला सारखी म्हणते की तू विकायला लाग. मी विकत नाही, कारण मला विणताना माणूस डोळ्यांसमोर लागतो. आपल्या मधल्या मावशीला बुलबुल केला तेव्हा त्याचा तुरा आणि शेपटीखालचा लाल ठिपका करताना तिच्या अंगणातली जास्वंद माझ्या डोळ्यांपुढे होती. तिथेच तर बुलबुल येतात. तू ते बाळ अजून पाहिलं नसशील, पण मित्राला कॉलेजपासून ओळखतोस. तेवढं पुरे.

सुरू करण्याआधी लाल दोऱ्याची वीतभर लांबी ओली करून पांढऱ्या कापडावर दाबून ठेव. रंग उतरला तर तो दोरा घेऊ नकोस, मला कळव, मी दुसरा पाठवते. पूर्ण झाला की पक्षी साध्या साबणाने कोमट पाण्यात हाताने धू, पिळू नकोस, टॉवेलात दाबून पाणी काढ आणि सावलीत वाळव. तोंडात जाणारी वस्तू आहे, धुतल्याशिवाय द्यायची नाही. बरोबर चिठ्ठी ठेव: सुती दोरा, आत फायबर, हाताने धुवा. पक्ष्याचं नावही लिही, म्हणजे ती बोलायला लागली की तिला आईबाबा तांबट म्हणून शिकवतील.

कमी करायच्या फेऱ्यांशी आलास की मला व्हिडिओ कॉल कर, रात्री नऊनंतर मी मोकळीच असते. आणि पूर्ण झाल्यावर फोटो पाठवशील तो समोरून नको. चोच आणि पंख जिथे शिवलेत तिथला, जवळून आणि उजेडात काढलेला पाठव.

सूनबाईला आशीर्वाद. बाबा दोघांची आठवण काढतात.

तुझी,
आई